छंद आणि ओवी : वऱ्हाडी घरातील रचनेचा एक विचार

राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाची एक कथा आहे. सरस्वतीचा हा पुत्र रुसून घराबाहेर पडला. त्याला बांधून ठेवील असे प्रेमाखेरीज दुसरे बंधन नाही हे जाणून गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली आणि ती त्याच्यामागे धाडली. तो जाईल त्या देशी ती गेली; तेथील वेषाने, नृत्याने व गीताने तिने त्याचे मन हळूहळू वळविले, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात उभयतांचा गांधर्व विवाह झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. तिचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता. काव्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ही कथा प्रवृत्ती, वृत्ती व रीती यांच्या उपपत्तीसाठी वारंवार उद्धृत केली आहे. तथापि, ज्या काव्यपुरुषाचे लग्न लागले त्याचा पुढे संसारही झाला असला पाहिजे, आणि त्या संसारात घरातल्या घरात काही रचना होत राहिली असली पाहिजे, याकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. लग्नाला आलेले वऱ्हाडी मांडवातूनच परत गेले, असे काहीसे झाले आहे.

त्या घरातल्या रचनेचा विचार करावयाचा तर वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारखे गाव समोर ठेवणे सोयीचे ठरते. हा प्रदेश वऱ्हाडाच्या नैर्ऋत्य कडेचा. पश्चिमेस बुलढाणा, दक्षिणेस हिंगोलीचा मुलूख. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली होते. हिंगोलीकडचा भाग १९४८ पर्यंत निजामी राज्यात राहिला. पुढे राज्ये बदलली, जिल्हे मोडले व नवे झाले. १९९८ साली अकोल्यातून वाशीम वेगळा निघाला. परंतु सोयरिकी सरकारी सीमा पाहून जुळत नाहीत. सीमेलगतच्या अशा गावातील घरात वऱ्हाडी बोलणारी सासू आणि मराठवाड्याच्या बोलीत वाढलेली सून एकाच जात्याच्या दोन बाजूंस बसणे ही अगदी साधी गोष्ट होती. एकीच्या तोंडी 'भावाले', दुसरीच्या तोंडी 'भावाला'. खुंटा मात्र दोघींच्या हातात एकच. बोलीच्या अभ्यासकाला हे घर म्हणजे एक लहानसे सीमाक्षेत्रच होय. अशा घरात जात्यावरची ओवी होती, जुन्या लुगड्यांची गोधडी होती, सारवलेल्या अंगणातली रांगोळी होती, मुलींची भुलाबाई होती, पोळ्याचे मातीचे बैल होते. यातील ओवी तेवढी 'लोकसाहित्य' म्हणून ग्रंथात आली, गोधडी व रांगोळी 'लोककला' म्हणून प्रदर्शनात गेली. ही सर्व एकाच घराची, बहुधा त्याच दोन हातांची निर्मिती होती, ही गोष्ट मात्र या वाटणीत हरवली.

या निर्मितीला घरातले लोक काय म्हणतात, हे पाहणे उद्बोधक आहे. मराठीत 'छंद' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. एक पद्यरचनेचा बंध, आणि दुसरा मनाला लागलेली आवड, ध्यास. संस्कृतात 'छन्दस्' व 'छन्द' अशी दोन निरनिराळी रूपे असून दुसऱ्याचा अर्थ इच्छा, खुशी असा आहे. मराठीने दोन्ही एकाच ध्वनिरूपात सामावून घेतली. 'नाद' या शब्दाचेही तसेच. तोही एकीकडे ध्वनी आणि दुसरीकडे खूळ. मनाच्या आवडीसाठी मराठीने निवडलेले हे दोन प्रमुख शब्द गेय रचनेच्या परिसरातलेच असावेत, हा केवळ योगायोग मानला तरी अर्थपूर्ण योगायोग आहे. तथापि या शब्दांना निंदेची छटाही आहे. 'छांदिष्ट', 'नादिष्ट', 'छंदीफंदी' ही विशेषणे कोणी गौरवाने वापरीत नाही. छंदाला प्रतिष्ठा आली ती शाळा, मासिके आणि सुटीचा दिवस यांच्यामुळे. आणि तीही प्रथम तिकिटे जमविणाऱ्या मुलाला किंवा फोटो काढणाऱ्या गृहस्थाला मिळाली. बाईने केलेल्या कामाला घरात 'हौस' म्हणतात. हा शब्द मुळात अरबी 'हवस'. हिंदीत त्याला वासनेचा वास राहिला, मराठीत मात्र तो धुऊन स्वच्छ झाला आणि हळदीकुंकवाला बसला. गोधडीवर जास्तीची नक्षी घातली तर ती 'हौसेने' घातली. ओवीला मात्र हौसही म्हणत नाहीत. ती 'म्हणायची' असते, एवढेच.

माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग केले, आणि ज्यात लघुगुरूंचा भेद मोजावा लागत नाही, केवळ अक्षरसंख्येवर लय उभी राहते, त्या रचनेसाठी 'छंद' ही संज्ञा राखून ठेवली. ओवी आणि अभंग हे या वर्गात पडतात. म्हणजे शास्त्रीय परिभाषेनेही ओवी हा छंदच. प्रश्न असा की, दुसऱ्या अर्थाने ती छंद होती काय?

यावर पहिला आक्षेप श्रमाचा येईल. सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आला आहे. (कांडताना, दळताना नव्हे. जात्याची ओवी म्हणून जी आपण ओळखतो तिचा सर्वांत जुना साक्षीदार उखळाजवळ उभा आहे.) ओवी ही श्रमगीत आहे, ती कामाच्या लयीतून निघाली, तिला छंद म्हणणे म्हणजे पहाटेपासून दळणाऱ्या बाईच्या कष्टाला शोभेची झालर लावणे होय, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो सहज झटकून टाकता येणारा नाही. ज्वारीचे पायलीभर दळण हा करमणुकीचा प्रकार नव्हता. गावात चक्की आली तेव्हा जाते सुटल्याचे दुःख संग्राहकांना झाले. दळणारीला ते झाले असेल असे मानण्यास फारसा आधार नाही.

परंतु श्रमाने ओवीचा कितीसा भाग उलगडतो, हे तपासून पाहिले पाहिजे. जाते फिरविण्यास लय लागते. दोघी समोरासमोर बसल्या तर एकीचा ओढ आणि दुसरीचा रेटा जुळावयास हवा; मुठीने वैरण घालण्याचा क्षण सापडावयास हवा. त्यासाठी हुंकार पुरे, एखादे ठरलेले पालुपद पुरे. यमकाची गरज जात्याला नाही. उपमेची तर मुळीच नाही. पहिल्या ओळीत दारची तुळस, उगवता सूर्य, माहेरची वाट असा एखादा ठरावीक साचा घ्यावयाचा, आणि दुसऱ्या ओळीत त्या साच्याला घरातल्या एखाद्या माणसाशी अशा रीतीने जोडावयाचे की ऐकणारीने क्षणभर थबकावे: ही जोडणी दळणाने मागितलेली नाही. ती बाईने आपल्या खुशीने घातलेली भर आहे. गोधडीचेही तसेच. दोन लुगड्यांच्या थरांमध्ये चिंध्या अडकून राहाव्यात यासाठी टाके घालावे लागतात. ते कसेही घातले तरी ऊब तीच. तरीही टाक्यांच्या रांगा काठाला समांतर धरून आत आत नेणे, ठिगळाचा रंग दुरून पाहून निवडणे, हे घडते. कामाने जे मागितले त्याच्या वर जे शिल्लक राहते, ते मोजल्याविना या रचनांची समीक्षा पुरी होत नाही.

मराठीतील ओवीसंग्रहांनी हे शिल्लक कसे हाताळले? साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवना'चे ऋण मोठे आहे. कित्येक सुशिक्षित वाचकांना आपल्या आजीच्या तोंडची ओवी ही काव्य असू शकते हे त्या पुस्तकाने प्रथम जाणवून दिले. परंतु त्यातील मांडणी मायलेकरे, बहीणभाऊ, सासरमाहेर अशा नात्यांच्या कप्प्यांची आहे, आणि निवेदनाचा सूर ओवीतून कुटुंबाचा एक मंगल आदर्श उभा करण्याचा आहे. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या संग्रहाला 'अपौरुषेय वाङ्मय' हे नाव दिले. पुरुषाने न रचलेले ते अपौरुषेय, हा श्लेष विदुषीला शोभणारा आहे. पण वेदांना लागणाऱ्या त्या विशेषणाचा दुसरा अर्थ, म्हणजे कोणी एका व्यक्तीने न रचलेले, हाही त्याबरोबर ओवीला चिकटून बसला. दुर्गा भागवत यांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) या ग्रंथाने अभ्यासाला शास्त्रीय पाया दिला, आणि सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली लोकसाहित्य समितीने गावोगावचे धन छापून ठेवले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदविले. ही नोंद साधी वाटते. वस्तुतः पूर्वीच्या संग्रहांशी तुलना करता तिचे मोल फार आहे. त्यांच्या विवेचनाचा कल साने गुरुजींच्या नेमका उलट आहे. तेथे ओवी म्हणजे स्त्रीचे स्वतःशी बोलणे, तिच्या दुःखाची व जाणिवेची साक्ष. एकाने ओवीत घराचे गुणगान वाचले, दुसऱ्यांनी घराविरुद्धचा अर्ज वाचला. दोन्ही वाचनांत तथ्य आहे. पण दोन्हींचे लक्ष बाई काय म्हणाली याकडे आहे. तिने ते कसे बसविले, दोनपैकी एक शब्द का टाकला, कोणत्या अक्षरासाठी ती अडली, हा प्रश्न दोहोंच्या कक्षेबाहेर राहतो. कुंभाराच्या मडक्यातले पाणी चाखून मडक्याविषयी मत देण्याजोगे हे आहे.

या दुर्लक्षाची किंमत बोलीतल्या गाणारीला सर्वांत अधिक मोजावी लागली. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या मराठीवरील सातव्या खंडापासून (१९०५) वऱ्हाडीची लक्षणे अभ्यासकांना परिचित आहेत. वऱ्हाडीच्या मोठ्या पट्ट्यात 'ळ' चा 'य' होतो, 'ण' चा 'न' होतो, आणि चतुर्थीचा प्रत्यय 'ला' ऐवजी 'ले' येतो. व्याकरणाच्या पुस्तकात ही तीन कलमे आहेत. ओवीत ती यमकाची सामग्री आहे. 'डोया' आणि 'माया' यांचे यमक वऱ्हाडीत सहज जुळते. लेखनिकाने 'डोया'चा 'डोळा' केला की ते मोडले. 'पानी' आणि 'जनी' जुळतात. 'पाणी' झाले की जात्यावरच्या त्या जनाबाईशी पाण्याचे नाते तुटले. 'माहेराले' आणि 'आले' एका सुरात संपतात. 'माहेराला' केल्यावर उरते ते एक अडखळणारे वाक्य. क्रियापदाचेही असेच आहे. 'दयून राहिली' याच्या जागी 'दळत आहे' लिहिले तर अर्थ तोच राहतो, पण सहा अक्षरांची पाच होतात, आणि अक्षरसंख्येवर उभ्या असलेल्या छंदात एक अक्षर म्हणजे पायरीच. छापील संग्रहांत बोलीचे लेखन प्रमाणभाषेकडे झुकते. तसे करण्यामागे वाचकाची सोय हाच हेतू बहुधा असतो. पण त्या सोयीचा परिणाम असा की, वऱ्हाडी बाईची बांधीव ओवी पुस्तकात सैल दिसते, आणि मग समीक्षक तिच्या 'अनघड सौंदर्या'चे कौतुक करतो. अनघडपणा लेखनिकाचा, कौतुक मात्र गाणारीच्या वाट्याला.

रिठदच्या परिसरात तर आणखी एक गुंतागुंत संभवते. जेथे 'ले' आणि 'ला' दोन्ही प्रत्यय एकाच घरात ऐकू येतात, तेथे यमकाच्या गरजेप्रमाणे गाणारी त्यांतला हवा तो उचलू शकते. बोलींची पाहणी करणारा अशा ठिकाणी 'मिश्र रूपे' अशी नोंद करून पुढे जाईल. ती मिसळ अजाणता झाली की निवडून केली, हे ओळीचा शेवट पाहिल्यावाचून ठरविता येणार नाही. संतांच्या व पंडित कवींच्या ग्रंथांत दोन रूपांपैकी एकाची अशी निवड आढळली की तिला कविप्रयोग म्हणतात. जात्यावरच्या बाईच्या तोंडी तीच अशुद्धी ठरते.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि त्याने वरील म्हणणे सिद्धच होते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी टिपून ठेवली होती. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांतील खानदेशी बोली बहुतांशी तशीच राहू दिलेली होती. तेथेही 'ळ' चा 'य' आहे, तेथेही 'ले' आहे. आणि महाराष्ट्रातील एकाही वाचकाचे त्यावाचून अडले नाही. मात्र समीक्षेने बहिणाबाईंना निसर्गाचा चमत्कार ठरविले. असोद्याची ही शेतकरी बाई ज्या ओवीत बोलली ती तिने शोधून काढलेली नव्हती. आजूबाजूच्या शेकडो घरांत तिचा सराव चालू होता. चमत्कार म्हटले की त्या शेकडो घरांकडे पाहण्याची जबाबदारी संपते. सुदैवाने त्यांच्या घरात लिहिणारा मुलगा होता. रिसोड-वाशीमच्या घरांत तसा मुलगा कितीजणींना होता?

हा सराव कोठे होत असे, याचे एक उत्तर भुलाबाईत सापडते. विदर्भ व खानदेश या प्रदेशांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई व भुलोबा यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात, घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे हे ओळखावयाचे असते. अभ्यासकांनी या गाण्यांत शिवपार्वतीचे दैवत शोधले, भिल्लिणीच्या वेषातील पार्वतीची कथा शोधली, आणि ते शोधणे योग्यच आहे. पण गाण्यांतील बराच मजकूर कोणत्याही कथेत बसत नाही. साखळीसारखे एकातून दुसरे निघत जाणारे शब्द, सासरच्या माणसांची खोटी भांडणे, अर्थापेक्षा ठेक्यासाठी आलेल्या वस्तू यांचा तेथे भरणा आहे. याला निरर्थक म्हणून बाजूस सारण्यापेक्षा तो छंदाचा पहिला वर्ग मानावा. आठदहा वर्षांची मुलगी येथे अक्षरे मोजण्यास शिकते, यमकाची वाट पाहण्यास शिकते, आणि एक सासूबाई जाऊन दुसरी नणंद घातली तर ओळ कोठे लंगडते हे तिच्या कानाला कळू लागते. खाऊ ओळखण्याचा खेळदेखील शेवटी नावांची यादी लयीत म्हणण्याचाच खेळ आहे. पुढे जात्यावर बसणाऱ्या बाईचे शिक्षण असे महिनाभर दरवर्षी होत असे, आणि त्यात शिक्षिका कोणी नसे.

मुलांच्या वाट्याला माती आणि धांडे आले. पोळ्याला घरोघर मातीचे बैल पुजले जातात. ज्वारीच्या धांड्यांची गाडी करणे हा मुलांचा उद्योग. १९९० नंतर या भागात सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीनच्या कुटारात गाडीला लागणारा धांडा मिळत नाही. घरातला एखादा छंद कोणाच्याही लक्षात न येता असा शेतातून नाहीसा होतो.

चक्कीने जाते थांबविले तेव्हा बायकांची रचना थांबली, असा सर्वसाधारण समज आहे. ओवीपुरते ते बरेचसे खरे आहे. मागे उरली ती पाठांतराची ओवी. नवी भर पडणे थांबले. पण रचनेची सवय घरातून गेली नाही. ती उखाण्यात गेली, असे म्हणावयास जागा आहे. 'नाव घेणे' हा प्रकार समीक्षेने कधी गंभीरपणे घेतला नाही. त्याची छापील पुस्तके बाजारात मिळतात, तेच उखाणे फिरून फिरून ऐकू येतात, हे त्याचे कारण. तथापि उखाण्याची अट पाहण्यासारखी आहे. त्यात नवऱ्याचे नाव आलेच पाहिजे, आणि ओळ यमकावर मिटली पाहिजे. ते नाव बदलता येत नाही. म्हणून पुस्तकातला उखाणा जसाच्या तसा क्वचितच चालतो; 'राव' जोडावा, नाव ओळीच्या मधोमध सरकवावे, किंवा सगळी पहिली ओळ नव्याने बसवावी लागते. चार बायकांसमोर, डोहाळजेवणाच्या पाटावर किंवा नव्या घराच्या उंबरठ्यावर, उभ्याउभ्या हे करावयाचे असते. यांतील पुष्कळशी रचना सामान्य असते हे मान्य. पण रचनेचा प्रश्न तेथे अजून जिवंत आहे, आणि त्याचे उत्तर दरवेळी घरातलीच एक बाई देते. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंनी विवाहाची हौस दाखविली, भक्तांनी तो लटका विवाह हौसेने मांडला, आणि त्या प्रसंगी महदंबेने धवळे गायिले. मराठीतील आद्य कवयित्रीची रचना वऱ्हाडात, एका घरगुती खेळातून, उभ्याउभ्याच झाली होती.

आता करावयाचे काम काय, हेही येथेच नोंदविले पाहिजे. ज्यांनी स्वतः जाते ओढले अशा स्त्रिया रिसोड, वाशीम, मालेगाव या तालुक्यांतून आजही भेटू शकतात. त्यांचे वय लक्षात घेता हे काम पुढल्या पिढीच्या संशोधकावर सोपविता येणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ओवी टिपताना ती आधी बोलीच्या उच्चारानुसार लिहावी आणि प्रमाणरूप द्यावयाचेच तर ते वेगळ्या स्तंभात द्यावे. गाणारीचे माहेर व सासर ही दोन्ही गावे लिहावीत. केवळ एक गाव लिहिल्याने 'ले' आणि 'ला' यांचे कोडे सुटत नाही. एकाच बाईकडून तीच ओवी काही दिवसांच्या अंतराने पुन्हा म्हणवून घ्यावी आणि बदललेली अक्षरे खुणेने दाखवावीत. 'बाई', 'सांगते', 'माझ्या' असे जे शब्द संग्राहक पूरक म्हणून गाळतात ते गाळू नयेत, कारण अक्षरसंख्या त्यांच्याच आधारे पुरी होते. आणि प्रश्न विचारताना ओवीचा अर्थ विचारण्याआधी ती कोणापासून उचलली, त्यात स्वतःचे काय घातले, आणि त्या घरात गोधडी कोण शिवीत असे, हे विचारावे. शेवटचा प्रश्न अप्रस्तुत वाटेल. पण गोधडीच्या टाक्यांविषयी बोलताना बाई जितक्या मोकळेपणी 'हे मी असे केले' म्हणेल, तितक्या मोकळेपणी ती ओवीविषयी म्हणणार नाही. आणि एकदा ते वाक्य तिच्या तोंडून निघाले की मग ओवीकडे वळता येते.